निर्मला मातेची तसबीर आणि नागपूरकरांची फिरंग

पुनरुत्थानाच्या सणानंतर घरे आशीर्वादित करण्यासाठी धर्मगुरू निघतात, तेव्हा त्यांच्यासोबत जाण्याचा योग आम्हास साकोलीत अनेकदा आला आहे. घर मातीचे असो वा स्लॅबचे, भिंतीवर एक तसबीर हमखास दिसते. शुभ्र झगा, खांद्यावरून घसरलेले निळे वस्त्र, छातीवर जुळलेले हात, वर लागलेली दृष्टी, पायाशी चंद्रकोर आणि सभोवती बाळदूतांची दाटी. ही निष्कलंक मरिया माता, आपली निर्मला माता. एका घरी आजीबाईंनी सहज विचारले, "हे चित्र कोनं काढलं जी?" आम्ही चित्रकाराचे नाव सांगितले. त्यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. "मंग असली चित्र कुठं हाय?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. ते द्यावयाचे म्हणजे राजे चित्रे का जमवितात, ती लोकांची केव्हा होतात, आणि आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या वस्तूंचे काय झाले, इथपर्यंत जावे लागते. प्रस्तुत लेख हा त्या आजीबाईंना दिलेले लांबलेले उत्तर आहे.

चित्र मुरिलो या स्पॅनिश चित्रकाराचे. सेव्हिल नगरातील वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमासाठी त्याने ते 1678 च्या सुमारास रंगविले. उंची 274 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घराच्या दारातून ते उभे आत येणार नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे वृद्ध पुरोहितांनी त्यापुढे प्रार्थना केल्या. मग नेपोलियनच्या सैन्याने स्पेन व्यापले आणि 1813 साली मार्शल सूल या फ्रेंच सेनानीने ते चित्र आपल्या मालकीचे समजून फ्रान्सला नेले. त्याच्या मृत्यूनंतर 1852 साली लिलाव झाला व पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने सहा लाखांहून अधिक फ्रँक मोजून ते घेतले. दोनच वर्षांनी, 8 डिसेंबर 1854 रोजी, पोप नववे पायस यांनी मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धान्त विधिपूर्वक घोषित केला. लुटीच्या मालातील एक चित्र अशा रीतीने एका सिद्धान्ताचे मुखचित्र होऊन बसले आणि त्याच्या छापील प्रती जगभरच्या धर्मग्रामांत गेल्या. मूळ चित्र 1941 साली स्पेनमध्ये परत आले, तेही फुकट नव्हे. बदल्यात स्पेनने आपली काही चित्रे फ्रान्सला दिली. परत आले ते सेव्हिलच्या आश्रमात नव्हे, तर माद्रिदच्या प्रादो या राष्ट्रीय संग्रहालयात. मूळ चौकट मात्र सेव्हिललाच राहिली.

प्रादो आम्ही पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुस्तकांतील छापील चित्रांवर आमची भिस्त आहे आणि छापील चित्र काय देते व काय देत नाही, याविषयी पुढे बोलणारच आहोत. परंतु या संग्रहालयाचा जन्म कसा झाला, हे समजून घेण्यास तिकीट लागत नाही.

प्रादोचे मूळ स्पेनच्या राजांच्या वैयक्तिक आवडीत आहे. सम्राट पाचवा चार्ल्स याने तिशियनकडून चित्रे काढून घेतली. त्यांपैकी पवित्र त्रैक्याच्या महिम्याचे एक भव्य चित्र तो राज्यत्यागानंतर आपल्यासोबत युस्तेच्या मठात घेऊन गेला. त्या चित्रात सम्राट स्वतः कफनासारख्या पांढऱ्या वस्त्रात, मुकुट बाजूला ठेवून, हात जोडून गुडघे टेकलेला आहे. 1558 साली तो त्याच मठात वारला. राजाने चित्र का जमवावे, याचे यापेक्षा प्रांजळ उत्तर आम्हास ठाऊक नाही. त्याचा मुलगा दुसरा फिलिप याचे नाव आपल्या वसईकर वाचकांस परके असू नये, कारण 1580 नंतर पोर्तुगालचा मुकुटही त्याच्याच मस्तकी आला आणि त्यामुळे वसई, चौल, गोवे ही त्याच्या राज्याचा भाग झाली. आपल्या किनाऱ्यावरील चर्चमंदिरे ज्या राजाच्या नावाने उभी राहत होती, तोच राजा एस्कोरियलच्या आपल्या मठ-राजवाड्यात युरोपातील उत्तमोत्तम धर्मचित्रे गोळा करीत होता.

त्यांतील एकाच चित्रापाशी आम्ही थांबणार आहोत. रोहिर व्हान डर वेडन या फ्लेमिश चित्रकाराचे 'क्रुसावरून उतरविणे' हे ते चित्र. लूव्हेन नगरातील धनुर्धाऱ्यांच्या संघाने आपल्या प्रार्थनामंदिरासाठी ते 1443 पूर्वी करवून घेतले. कोरीव वेदीच्या कोनाड्यासारख्या अरुंद, सोनेरी जागेत दहा माणसे दाटीवाटीने उभी आहेत. प्रभूचे कलेवर खाली उतरविले जात आहे आणि निळ्या वस्त्रातील माता मूर्च्छित होऊन कोसळत आहे. तिच्या देहाची कमान आणि पुत्राच्या देहाची कमान एकच आहे. तिचा लोंबता हात आणि त्याचा लोंबता हात एकमेकांजवळ आलेले आहेत. सहदुःखाविषयी कितीतरी प्रवचने आम्ही ऐकली, परंतु आई मुलाचे मरण आपल्या शरीरात कसे भोगते, हे या दोन वक्र रेषांनी जितके सांगितले तितके कोणी सांगितलेले आठवत नाही. ही सम्राटाची बहीण, हंगेरीची मेरी, हिने हे चित्र त्या संघाकडून मिळविले आणि मोबदला म्हणून चित्राची नक्कल व एक ऑर्गन दिला. पुढे ते फिलिपकडे आले आणि 1574 साली एस्कोरियलला गेले. प्रादोत त्याचे आगमन 1939 सालचे.

नीट पाहिले तर चित्राच्या वरच्या कोपऱ्यांतील नक्षीत इवलीशी धनुष्ये दिसतात. ती त्या धनुर्धारी संघाची खूण. राजाने चित्र नेले, राष्ट्राने ते आपले म्हटले, पण ज्यांनी वर्गणी काढून ते करवून घेतले त्यांची खूण तेथून कोणास पुसता आली नाही. राजसंग्रहाचे मूल्यमापन करताना समीक्षकाने आधी अशा खुणा शोधाव्यात, राजाच्या अभिरुचीचे गुणगान नंतर करावे, असे आमचे मत आहे. राजे रसिक होते यात संशय नाही. परंतु त्यांची रसिकता बहुधा दुसऱ्याच्या वेदीवर फुलली. फ्रा अँजेलिकोच्या 'देवदूताचा निरोप' या चित्राची कथाही तशीच. फिएसोलेच्या डोमिनिकन मठवासीयांनी 1611 साली घंटाघराच्या खर्चासाठी ते विकले, ते स्पेनच्या सरदारांकडे पोहोचले व शेवटी प्रादोत आले. घंटाघरासाठी अँजेलिको विकणारे ते मठवासी आम्हास फारसे परके वाटत नाहीत. नवी फरशी घालण्यासाठी जुने सागवानी वेदीपीठ मोडीत काढणारी माणसे सर्वत्र असतात.

राजाचा संग्रह फुटतो तेव्हा काय होते, याचाही नमुना त्या इतिहासात आहे. इंग्लंडचा पहिला चार्ल्स हा मोठा संग्राहक होता. 1649 साली त्याचा शिरच्छेद झाला आणि नव्या राजवटीने त्याची चित्रे विक्रीस काढली. राजवाड्याची थकलेली देणी चित्रे देऊन फेडण्यात आली. नळकाम करणाऱ्या कारागिराच्या वाट्याला तिशियनची संत मार्गारेट आली! स्पेनच्या चौथ्या फिलिपने आपल्या राजदूतामार्फत या पडत्या भावाचा लाभ घेतला. राफाएलचे पवित्र कुटुंबाचे एक चित्र त्याला इतके आवडले की त्याचे नाव 'मोती' असे पडले. ते चित्र आणि ती संत मार्गारेटही आज प्रादोतच आहेत. एका राजाच्या घराचा लिलाव हा दुसऱ्या राजाच्या वैभवाचा पाया ठरला.

मात्र स्पेनच्या राजांची चित्रे एका घरात राहिली, हे त्या राष्ट्राचे भाग्य. सातव्या फर्डिनांडची राणी इसाबेल ही पोर्तुगालच्या ब्रागान्सा घराण्यातील राजकन्या. राजवाड्यातील चित्रे एका इमारतीत लोकांसाठी मांडावीत या कल्पनेचे श्रेय तिला देतात. ती 1818 च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी वारली आणि 19 नोव्हेंबर 1819 रोजी संग्रहालय उघडले. इमारत मुळात निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी बांधलेली होती. आरंभीच्या यादीत 311 चित्रे होती, सर्व स्पॅनिश चित्रकारांची. तरीही मालक राजाच होता. 1868 साली इसाबेल दुसरी पदच्युत झाल्यावर तो संग्रह राष्ट्राचा झाला. आणि 1872 साली त्यात आणखी एक प्रवाह मिळाला, ज्याचा उल्लेख कौतुकाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो: 1835 नंतर सरकारने बंद केलेल्या मठांतून उचललेली शेकडो धर्मचित्रे. प्रादोच्या दालनांत आज जी शांतता आहे, तिच्यामागे अनेक मठांच्या रिकाम्या झालेल्या भिंती आहेत.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. येथवर आणणारा वाटाड्या एक इंग्रज सेनापती आहे. 1813 साली व्हितोरियाच्या लढाईत पळणाऱ्या जोसेफ बोनापार्टच्या सामानात स्पेनच्या राजवाड्यातील चित्रे वेलिंग्टनच्या हाती लागली. त्याने परत करण्याची तयारी दर्शविली. राजा फर्डिनांडने ती त्यालाच ठेवून घेण्यास सांगितले आणि ऐंशीहून अधिक चित्रे लंडनमधील त्याच्या घरात राहिली. हा वेलिंग्टन म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा आर्थर वेलस्ली. 1803 च्या नोव्हेंबरात आडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा, डिसेंबरात गाविलगड घेणारा आणि लगोलग देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींकडून कटक व वऱ्हाड काढून घेणारा तोच. माद्रिद आणि नागपूर यांच्यामध्ये एवढेच अंतर आहे.

नागपूरकर भोसले हे काही चित्रांचे संग्राहक म्हणून प्रसिद्ध नाहीत. त्यांचे वैभव हत्ती, घोडे, जडजवाहीर, शस्त्रे, वस्त्रे आणि वाड्यातील लाकडी कोरीवकाम यांत होते. पण राजसंग्रह म्हणजे केवळ तैलचित्रे ही समजूत आपण युरोपाकडून उसनी घेतलेली आहे. एखाद्या दरबारातील तलवारीची मूठ, पालखीचा दांडा, देवघरातील पोथी यांतून त्या प्रदेशातील सोनार, सुतार, लिहिणारे व रंगविणारे यांची चार पिढ्यांची कला बोलत असते. आमचा साकोलीचा प्रदेश त्याच राज्यातला. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा सारा ज्या तिजोरीत जात होता, तिच्यातूनच ते वैभव घडले. तेव्हा त्या वस्तूंवर राजाच्या वंशजांइतकाच आमच्या तळ्याकाठच्या कोहळी शेतकऱ्याचाही काही हक्क होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि 1854 साली राज्य खालसा झाले. स्वतः नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याचाही या निर्णयाला विरोध होता. पुढे जे घडले ते आमच्या शाळेच्या पुस्तकात अर्ध्या वाक्यात होते. वाड्यातील खजिना व चीजवस्तू ताब्यात घेण्यात आल्या. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मिळेल त्या किमतीस विकले गेले. जवाहीर कलकत्त्यास रवाना झाले आणि 1855 साली हॅमिल्टन कंपनीमार्फत विक्रीस निघाले. दुसऱ्या रघूजींची वृद्ध विधवा बांकाबाई हिने, वाड्यातील सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असा इशारा दिल्याचे इंग्रज इतिहासकार के याने नमूद केले आहे. विक्रीचे पैसे राजघराण्याच्या पेन्शनसाठी, असे सांगण्यात आले. तसे ते असेलही. परंतु राण्यांना पेन्शन देण्यासाठी राण्यांचेच दागिने विकणे, यास कोणत्या शास्त्रात औदार्य म्हणतात ते डलहौसीच जाणे.

येथे आम्हास पहिल्या चार्ल्सच्या लिलावाची आठवण होते. फरक मात्र मोठा आहे. लंडनच्या त्या लिलावातील चित्रांच्या याद्या आहेत. कोणते चित्र कोणाकडे गेले, आज कोणत्या शहरात आहे, हे अभ्यासक एकेक करून सांगू शकतात. नळकाम्याचे नावही त्यांनी शोधले. सीताबर्डीच्या बाजारात हौदा कोणी घेतला, हे नागपुरात कोण सांगू शकेल? वस्तू मोडल्या गेल्या, वितळल्या गेल्या, खड्यांची फेरजडणी झाली. संग्रह लुटला गेला तर तो निदान दुसरीकडे संग्रह म्हणून राहतो. किलोवारी विकला गेला तर तो संपतो.

आणि त्यानंतर नऊ वर्षांनी, 1863 मध्ये, नागपुरास वस्तुसंग्रहालय मिळाले. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय म्हणजेच झाडीपट्टीच्या खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक असलेला 'अजब बंगला'. नागपूरला गेलेल्या माणसाने महाराजबाग आणि अजब बंगला पाहिल्याशिवाय परत येऊ नये, असा आमच्याकडे दंडकच होता. पैकी महाराजबाग ही भोसल्यांची बाग. ती जमीन असल्यामुळे कलकत्त्यास नेता आली नाही.

अजब बंगल्याचा पाया राजसंग्रहाचा नव्हता. दगड, जीवाश्म, पेंढा भरलेले प्राणी, शिलालेख, जुनी शिल्पे, हत्यारे, आणि गोंड व इतर आदिवासींच्या नित्य वापरातील वस्तू असे त्याचे स्वरूप. या प्रदेशाकडे अशा नजरेने प्रथम पाहणाऱ्यांत स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे अग्रगण्य. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांचे ऋण मान्य न करणे क्षुद्रपणाचे होईल. 1845 पासून ते नागपुरात होते. शाळा चालवीत, खेड्यांत हिंडत, खडकांतील जीवाश्म गोळा करीत आणि आदिवासींच्या भाषा व कथा टिपून घेत. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरी नदीच्या पुरात ते बुडाले. त्यांची आदिवासींविषयीची टिपणे पुढे टेंपल यांनी 1866 साली छापविली. संग्रहालयाचे वर्ष आणि हिस्लॉपच्या मरणाचे वर्ष एकच.

आम्ही अजब बंगल्यात वारंवार गेलो आहोत, आणि आमचे मत दुहेरी आहे. एकीकडे, राजाच्या तिजोरीत ज्यांना कधीच स्थान मिळाले नसते अशा वस्तू येथे प्रथमच काचेमागे मानाने ठेवल्या गेल्या. गोंडांची वाद्ये, दागिने, देवांची लाकडे ही प्रादोच्या राजांनी जमविली नसती आणि भोसल्यांनीही नाही. आमच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे 1870 साली गुरे राखणाऱ्या मुलांना तांब्याची अवजारे सापडली. 424 तांब्याच्या वस्तू आणि चांदीचे 102 पातळ पत्रे. राजाच्या काळात हे तांबे तांबटाच्या भट्टीत गेले असते. ते टिकले याचे कारण तोवर 'ठेवा' या शब्दाचा अर्थ बदलला होता, आणि तो बदलण्यात परकी राजवटीचा वाटा आहे हे प्रामाणिकपणे मानले पाहिजे.

दुसरीकडे, त्या दालनांतून हिंडताना एक पोकळी जाणवत राहते. ज्यांनी हा मुलूख शंभराहून अधिक वर्षे राखला त्यांचे घर त्यात नाही. काही शस्त्रे, काही चित्रे, एवढेच. आदिवासी आहे, पण तो नमुना म्हणून. राजा आहे, पण तो तुकडा म्हणून. आणि या दोघांना बांधणारे जे राज्य होते, त्याची गोष्ट सांगणारे कोणी नाही. दोष आजच्या संग्रहालयाच्या सेवकवर्गाचा नाही. सीताबर्डीला जे विकले गेले ते त्यांनी आणावे कोठून?

असे सर्वत्रच झाले असते तर आम्ही नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. पण एका मराठी राजाने दुसरे उदाहरण घालून दिले आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ 1875 साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. बडोद्याच्या संग्रहालयाची इमारत 1894 सालची. चित्रदालन 1908 ते 1914 या काळात बांधले गेले. युरोपीय चित्रांची निवड मॅरियन स्पीलमन या इंग्रज समीक्षकावर सोपविली होती. पहिल्या महायुद्धामुळे चित्रे अडकून पडली आणि दालन 1921 साली उघडले. एका माणसाच्या मध्यस्थीने, दुरून केलेल्या खरेदीचे दोष त्यात आहेतच. चित्रांखालील काही थोर नावे चोखंदळ अभ्यासक मान्य करणार नाहीत. पण फिलिपने चित्रे स्वतःसाठी घेतली आणि अडीचशे वर्षांनी ती लोकांना मिळाली. सयाजीरावांनी ती आरंभापासून लोकांसाठी घेतली. ज्या राजाने 1906 साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याला संग्रहालय ही शाळेचीच एक खोली वाटत होती. आमच्या दृष्टीने हा गुण, काही चुकलेल्या नावांहून मोठा आहे.

सयाजीरावांच्याच दरबारासाठी राजा रविवर्मा यांनी 1888 नंतर चौदा पौराणिक चित्रे काढली. मोबदला 50,000 रुपये. राजवाड्यात जाण्यापूर्वी ती लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली तेव्हा गर्दी लोटली. ती गर्दी पाहिल्यावर रविवर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, यात नवल नाही. साकोलीत आमच्या शेजारी जी लक्ष्मी आणि जी सरस्वती भिंतीवर आहे तिची कुळी त्या छापखान्यापर्यंत पोहोचते, आणि आमच्या घरची निर्मला माता मुरिलोपर्यंत. दोन्ही घरांत मूळ चित्र कोणी पाहिलेले नाही. दोन्ही घरांत उदबत्ती वा मेणबत्ती मात्र रोज लागते.

छापील तसबिरीविषयी बोलण्याचे आम्ही कबूल केले होते. ती रंग बिघडविते, हे खरे. मुरिलोच्या मूळ चित्रातील सोनेरी धूसर उजेड आपल्या कॅलेंडरात भडक पिवळा होतो, बाळदूत गुलाबी साबणासारखे दिसतात. आमच्या कलाप्रेमी मित्रांना याची चीड येते, व पूर्वी आम्हालाही येत असे. आता येत नाही. संग्रहालयाने चित्राला वेदीवरून उतरवून दिव्याखाली ठेवले; तेथे ते सुंदर झाले, पण त्यापुढे कोणी गुडघे टेकीत नाही. या स्वस्त कागदाने त्याला पुन्हा प्रार्थनेच्या जागी नेऊन ठेवले. सौंदर्य गेले आणि उपयोग परत आला. हा सौदा आम्हास पूर्णपणे पटतो असे नाही, पण तो तुच्छही वाटत नाही.

औंधचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सातारा जिल्ह्यातील अवघ्या 72 गावांचे ते संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. त्यांनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडले. देवीच्या दर्शनास निघालेला शेतकरी वाटेत हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे शिल्प पाहू शकतो, असे दुसरे ठिकाण देशात असेल असे वाटत नाही.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे, नाहीतर आमची तक्रार एकतर्फी ठरेल. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चमंदिरांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील प्रसिद्ध घंटेवर 1721 हे साल आहे. मराठी माणूस नारोशंकराची घंटा हे शब्द सहज उच्चारतो. ती कोणत्या मनोऱ्यावरून उतरविली याचा विचार त्यास शिवत नाही. आम्ही ती परत मागत नाही. अडीच शतकांहून अधिक काळ ती तेथील भाविकांसाठी वाजत आली आहे. पण सूलने केले ते लूट आणि आपण केले ते विजय, असा दुहेरी हिशोब समीक्षेत चालत नाही. पहिल्या रघूजींच्या फौजा बंगालवर गेल्या, त्याही तीर्थयात्रेला गेल्या नव्हत्या.

त्या रघूजींची तलवार 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोथबीज लिलावगृहात विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती 47.15 लाख रुपयांस मिळविली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत दाखल झाली. वर्तमानपत्रांत जल्लोष झाला, तो योग्यच होता. आमचे लक्ष मात्र तिच्या पात्याकडे गेले. ते युरोपात घडलेले आहे. अशा तलवारीला म्हणूनच फिरंग म्हणतात. त्यावर सोन्याने देवनागरीत रघूजींचे नाव व छत्रपती शाहू महाराजांकडून मिळालेला सेनासाहेब सुभा हा किताब कोरला आहे. परदेशी पोलाद, मराठी अक्षर, मराठी मूठ. लूव्हेनच्या धनुर्धाऱ्यांची इवली धनुष्ये आणि ही सोन्याची ओळ एकाच जातीची. हात बदलले, खूण राहिली, आणि त्या खुणेमुळेच पावणेतीनशे वर्षांनी ती कोणाची हे सांगता आले. ज्या वस्तूंवर अशी ओळ नव्हती त्यांच्याविषयी कोणी बोली लावणार नाही. एका तलवारीस 47 लाख पडले. सीताबर्डीच्या बाजाराची आजची किंमत काढण्याचे गणित आम्हास जमणारे नाही.

आपल्या ख्रिस्तसभेनेही उशिरा का होईना, हे ओळखले आहे. गोव्यात 1994 साली राशोल येथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले आणि 2002 साली ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविले गेले. हस्तिदंती मूर्ती, चांदीची भांडी, पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे पवित्र साक्रामेंताचे पात्र. यांतील पुष्कळ वस्तू हिंदू कारागिरांच्या हातच्या आहेत आणि ते त्यांच्या पानाफुलांवरून कळते. आमच्या विदर्भात असे काही नाही. आमची मिशने गरीब होती, वस्तू साध्या होत्या; सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातून आलेल्या फ्रान्सालियन धर्मगुरूंनी पेटीतून आणलेल्या मूर्ती, मिस्सेची पुस्तके, हाताने लिहिलेली बाप्तिस्म्याची नोंदवही. यांतले काय उरले आहे, ते कोणी मोजलेले नाही. काही वाळवीने खाल्ले, काही रंगरंगोटीत पुसले, काही भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेले. त्यासाठी डलहौसीची गरज पडली नाही.

आजीबाईंना हे सारे आम्ही दोन खेपांत सांगितले. लुटीचे आणि लिलावाचे त्यांना फार आश्चर्य वाटले नाही. परंतु चित्र माद्रिदला आणि चौकट सेव्हिलला, हे ऐकून त्या चमकल्या. "मंग त्या रिकाम्या चौकटीची धूळ कोन पुसते जी?" असे त्यांनी विचारले.

धर्मगुरूंच्या संमतीने आम्ही दोनशे पानी वही आणली आहे. धर्मग्रामातील घरोघरच्या आणि चर्चमधील जुन्या वस्तू तिच्यात लिहून काढावयाच्या आहेत: वस्तू काय, कोणी आणली, आठवण कोणाला आहे. पहिली नोंद अशी आहे: निर्मला माता, कागदावर छापलेली तसबीर, चौकट सागवानी, काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली, आजीबाईंच्या सासूने नागपूरच्या यात्रेहून आणली.